पडदा छातीशी

धारच्या काकांनी 2013 च्या दिवाळीत भिंतीवर टांगायचा टीव्ही घेतला आणि त्याच संध्याकाळी देवासला बाबांना फोन केला. "जुना चालू आहे रे. विकणं जिवावर येतं. तू घेऊन जा." जुन्या वस्तूबद्दल कुणी ‘चालू आहे’ म्हटलं की आपली कंबर कामाला लागली, असं खुशाल समजावं. बंद पडलेली वस्तू फेकता येते. चालू असलेली वस्तू फक्त एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे जाते.

भाऊ आणि वाटण्या हा तसा आमच्या गावाचाच विषय. देवासला पवारांच्या दोन भावांनी अख्खं संस्थान वाटून घेतलं होतं, थोरली पाती आणि धाकटी पाती. एका गावात दोन राजे, दोन दरबार. मुख्य रस्त्याची एक बाजू थोरल्यांच्या अमलाखाली, समोरची धाकट्यांच्या. पाणी आणि दिवाबत्तीची सोयसुद्धा वेगवेगळी. 1948 साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या असं सरकार म्हणतं. आमच्या घरात त्या अजून सुरू आहेत. थोरली पाती धारला, धाकटी देवासला, मध्ये इंदूर आणि शंभरेक किलोमीटर. थोरल्यांचं वापरून झालं की ते धाकट्यांकडे येतं. स्वेटर आले, सायकल आली, शिलाईचं मशीन आलं. एकदा अर्धी वापरलेली च्यवनप्राशची बरणीही आली होती. पण ती निदान एका हातात मावत होती.

टीव्ही 29 इंची. 1999 च्या वर्ल्ड कपसाठी घेतलेला. खोक्यावर ‘45 किलो’ छापलं होतं हे काका अभिमानाने सांगतात. खोकं मात्र त्याच वर्षी थर्माकोलसकट गणपतीच्या मखरात गेलं. काकांचा वजनावर फार विश्वास. माणूस असो, शब्द असो, पितळेचा तांब्या असो, वजन असलं पाहिजे. टीव्ही नवा होता तेव्हा पाहुण्यांना चहाच्या आधी एक कोपरा उचलून बघायला लावायचे. "हलतोय का? नाही ना? माल आहे आत." नवा टीव्ही दुकानातल्या पोऱ्याने काखेत मारून आणला तेव्हाच तो त्यांच्या मनातून उतरला. ते त्याला ‘पापड’ म्हणतात.

आत माल आहे, हे मात्र खोटं होतं. पुढे एका मेकॅनिकने मला समजावून सांगितलं: पिक्चर ट्यूबच्या आत काहीच नसतं. हवासुद्धा काढून घेतलेली असते. त्यामुळे बाहेरची हवा चारी बाजूंनी दाबत राहते. 29 इंची टीव्हीच्या नुसत्या पडद्यावर हा दाब दोन टनांच्या वर जातो. तो सोसायचा म्हणून पुढची काच बोटभर जाड. शिवाय आत पंचवीसेक हजार व्होल्टने इलेक्ट्रॉन पळत असतात, त्यातून निघणारे क्ष-किरण आपल्यापर्यंत पोचू नयेत म्हणून काचेत शिसं घातलेलं. म्हणजे वजन होतं ते सगळं पोकळी सांभाळण्याचं. आत काही नसताना एवढं वजन मी याआधी फक्त काही पुढाऱ्यांच्या ठायी पाहिलं होतं.

आम्ही तिघं गेलो: बाबा, मी आणि आत्याचा मुलगा. तो व्यायामशाळेत जातो म्हणून त्याला घेतलं. व्यायामशाळेतलं वजन आणि घरातलं वजन यांत फरक असतो हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. व्यायामशाळेतल्या वजनाला दांडा असतो. टीव्हीला कंपनीने दोन बाजूंना दोन खोबणी दिलेल्या होत्या, प्रत्येकीत चार बोटांची पहिली पेरं जेमतेम शिरत. अंगठ्याचं काय करायचं, याचा विचार कंपनीने केला नव्हता. मागे ते कुबड. कुबडाला हात घालावा तर प्लॅस्टिक करकरतं आणि काका कळवळतात.

"उचला."

"कुठून?"

"खालून."

खालून उचलायचं तर हात खाली जायला हवा, त्यासाठी टीव्ही आधी उचलायला हवा. हा पेच सोडवायला पाच मिनिटं गेली. शेवटी काकूंनी पोळपाट सरकवून दिला आणि टीव्ही चौदा वर्षांत पहिल्यांदा जागेवरून हलला. खाली 1999 सालची चौकोनी धूळ, एक शिसपेन्सिल, आणि काकूंची कधीची हरवलेली चांदीची हळद-कुंकवाची डबी. डबी सापडल्यावर टीव्ही नेण्याबद्दलचा काकूंचा उत्साह एकदम ओसरला. आणखी काय काय सापडतं, ते त्या कपाटाखाली वाकून बघत बसल्या आणि दारातली वाट अडली.

आम्ही टीव्ही पालखीसारखा दोघांत धरला, पडदा बाहेरच्या बाजूला. लोकांना दिसायला नको का? चार पावलांत टीव्हीने पुढे नमस्कार घातला. सगळं वजन त्या काचेत, आणि काच आमच्यापासून सगळ्यात लांब. आत्याचा मुलगा उलटा चालत होता आणि बाबा त्याला दिशा देत होते. "तुझ्याकडे घे. तुझ्याकडे म्हणजे माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे माझ्या उजवीकडे रे, तुझ्या नव्हे." उंबऱ्यापर्यंत पोचलो आणि तिथे टेकवला. आत्याच्या मुलाच्या केसाळ हाताचे सगळे केस काचेच्या दिशेने उभे राहिले होते.

आम्ही ओट्यावर धापा टाकत बसलो तेव्हा काकांतला इतिहासाचा निवृत्त मास्तर जागा झाला. धारमध्ये बसून जड वस्तू हलवायची आणि लाटेचं नाव निघायचं नाही, हे शक्य नव्हतं.

लाट मशिदीसमोरचा तो लोखंडी खांब. राजा भोजाच्या काळातला मानतात. सात टनांहून जड, अखंड होता तेव्हा तेरा मीटर लांब. धारचे लोक त्याला तेलिणीची लाट म्हणतात: गंगी नावाच्या कुणी राक्षसासारख्या तेलिणीच्या तराजूची ही दांडी, आणि नालछ्याजवळचे धोंडे ही तिची वजनं. (त्या तेलिणीला आमचा टीव्ही म्हणजे छटाकभर.) तर सोळाव्या शतकात गुजरातच्या बहादूरशहाने माळवा घेतला आणि त्याच्या मनात आलं, हा खांब गुजरातला न्यावा. उपटायला गेले तर तो पडला आणि मोडला. पुढे 1617 च्या सुमारास जहांगीर धारला आला. त्याने तुकडे पाहिले, आठवणींत लिहून ठेवलं, आणि हुकूम सोडला की मोठा तुकडा आग्र्याला न्या, अकबराच्या कबरीच्या आवारात उभा करा, रात्री वर दिवा लावा.

"मग?" आत्याच्या मुलाने विचारलं.

"मग काय. लाट इथेच आहे. हुकूम गेला."

यात मला एक गोष्ट खटकते. जहांगीराने तुकडे दोन मोजलेत. आज तीन आहेत. मध्ये कधीतरी कुणीतरी "जरा सरकवून बघू या का" म्हटलं असणार, आणि तो माणूस आमच्याच पूर्वजांपैकी असावा.

तेवढ्यात छोटा हत्ती टेम्पो आला. चालकाने टीव्हीकडे एक नजर टाकली, आमच्याकडे एक नजर टाकली आणि टीव्हीबद्दल त्याला जास्त आदर वाटला, हे लपवलं नाही. म्हणाला, "भिया, काँच सीने से लगाओ." चौदा वर्षं त्या पडद्यासमोर बसलो, पण त्याला मिठी मारायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं. पडदा छातीशी घेतला, कुबड बाहेर, आणि काय आश्चर्य, टीव्ही उचलला गेला. गाल काचेला टेकलेला, समोरचं काही दिसत नाही, पण चालता येत होतं. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की लग्नात विहीण एवढ्या घट्ट का भेटते. मोठं वजन लांबून धरता येत नाही.

छोट्या हत्तीत आधीच कुणा डीजेचे दोन स्पीकर ठेवलेले होते, इंदूरपर्यंत जायचे. त्या दोघांच्या मधे आमचा टीव्ही गोधडीत बसवला, आणि त्याला धरून मी. घाटाबिल्लोदला चंबळेच्या पुलावर एक खड्डा लागला, तेव्हा मी काचेला दोन्ही हातांनी कवटाळून डोळे मिटले. बेटम्याला चालक चहा-कचोरीसाठी थांबला. मी उतरलो नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका माझ्याकडे जरा सहानुभूतीनेच बघत होत्या. गोधडीत गुंडाळून मांडीशी धरलेलं, वर फक्त कुबड दिसणारं ते ओझं म्हणजे घरातलं कुणी आजारी माणूस असावं, असा त्यांचा समज झाला असणार. इंदूरला स्पीकर उतरले, पण व्हायचं ते तोवर होऊन गेलं होतं. ते पुढे येईलच.

देवासला आमचं घर वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, मधे काटकोनात वळतो. आमच्या हातांत तोवर काही उरलं नव्हतं, म्हणून बाबांनी मंडीतून एक हम्माल आणला. साठीचा, माझ्या निम्म्या अंगाचा. त्याने सहाशे सांगितले. बाबा म्हणाले, "सहाशे? नोटा काय इथेच छापतात म्हणून?" देवासला नोटांचा छापखाना आहे, त्यामुळे हा विनोद आमच्याकडे दर घासाघिशीत एकदा होतोच. हम्माल शांतपणे म्हणाला, "छपते हैं बाबूजी, बँटते नहीं." बाबांनी सहाशे कबूल केले.

आणि मग त्याने जे केलं ते मी अजून विसरलो नाही. खांद्यावरचं पोतं चौपदरी करून पाठीवर टाकलं. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर टीव्ही ठेवायला लावला, पडदा त्याच्या पाठीकडे करून. खाली वाकला, सुती दोर टीव्हीखालून घेऊन खांद्यांवरून पुढे आणला, दोन्ही टोकं एका मुठीत धरली. दुसरा हात भिंतीला. "हाथ मत लगाना कोई." मग उभा राहिला, जणू नुसता बसून उठला. वळणावर तो पाठमोरा झाला, दोन पायऱ्या उलट्या चढला, कुबड भिंतीपासून बोटभर अंतरावरून फिरलं, आणि टीव्ही वर. सगळं मिळून दीड मिनिट. आम्ही तिघं सुशिक्षित माणसं खाली उभं राहून वर बघत होतो. बाबांनी त्याला सातशे दिले आणि नंतर आठवडाभर शंभर जास्त गेल्याबद्दल हळहळत होते.

टीव्ही लावला. बातम्या देणारी बाई डाव्या गालाने हिरवी आणि उजव्या गालाने जांभळी आली. आई म्हणाली, "वहिनींनी डबी काढून घेतली, त्याचीच दृष्ट." आत्या म्हणाली, दिशा चुकली, धारला टीव्ही पूर्वेकडे तोंड करून होता, इथे दक्षिणेकडे. काकांनी फोनवरून सरळ आमच्यावर ठपका ठेवला. मेकॅनिक आला आणि आमच्या दुर्दैवाने आत्याच्या बाजूने निघाला. म्हणाला, दिशेचाही संबंध असतो. पडद्यामागे भोकाभोकांचा लोखंडी पत्रा असतो, त्याला पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा लागतं. पण एवढा हिरवा रंग पृथ्वीचा नव्हे. "जवळ स्पीकर ठेवला होता का?"

मी डीजेचं नाव काढलं नाही.

त्याने पिशवीतून तांब्याच्या तारेचं मोठं कडं काढलं, प्लगला जोडलं आणि चालू करून पडद्यासमोर गोल गोल फिरवायला लागला. फिरवत फिरवत हळूहळू मागे सरत गेला, पार दारापर्यंत. पडद्यावर रंग आधी उसळले, मग निवळत गेले आणि बाई गोरी झाली. हे सगळं इतकं हुबेहूब ओवाळणं होतं की आईने नकळत हात जोडले. आत्या तर म्हणालीच, "मी सांगत होते." तसं एक छोटं कडं टीव्हीच्या आतही असतं, मेन बटण दाबल्यावर जो ‘टुंग’ असा पोटातून आवाज यायचा, तो त्याचा. पण आमच्याकडे रिमोटनेच बंद-चालू करायची पद्धत, त्यामुळे त्या बिचाऱ्याला कामच मिळत नव्हतं.

पुढची दोन-तीन वर्षं टीव्ही चालला. मग आमच्याकडेही पापड आला. आणि जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला. आमच्या देवासला अशा वस्तूंची परंपरा मोठी आहे. 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खासगी चिटणीस म्हणून इथे राहिला. राजवाड्यातल्या कोऱ्या करकरीत पण कोरड्या हवेने तडकलेल्या, न वाजणाऱ्या पियानोंबद्दल त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे अवजड, महाग आणि निरुपयोगी वस्तू नीट झाकून ठेवण्यात देवासकर पहिल्यापासून तरबेज. आईने टीव्हीवर भरतकामाचं कापड घातलं, त्यावर प्लॅस्टिकची फुलं, त्यावर गणपती. एकदा वर गणपती बसल्यावर तो कुणाच्या बापाला हलवता येत नाही.

अटालेवाल्याला एकदा वर बोलावलं होतं. (भंगाराला माळव्यात अटाला म्हणतात, शब्दातच कसा अडगळीचा आवाज आहे.) त्याने कुबडावर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. काचेला कुणी विचारत नाही म्हणाला. पूर्वी जुन्या ट्यूबांची काच वितळवून नव्या ट्यूबा करायचे. गुजरातेत भरुचला त्याची भट्टी होती, तिथे पार अमेरिकेतून काच यायची. नव्या ट्यूबाच बंद झाल्या, मग जुनी काच कोण घेणार? तांब्याचे शंभर रुपये देईन, तेही खाली उतरवून दिलात तर. बाबांनी हिशेब केला: उतरवायचे सहाशे, मिळणार शंभर. बहादूरशहाला लाट गुजरातला नेता आली नाही, आमच्या टीव्हीलाही ते भाग्य नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे. त्याने कापड उचललं, गणपती खाली ठेवला आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसला. "मामा, हा मला द्या." मला वाटलं उन्हाचं आलंय. पण नाही. म्हणे जुन्या व्हिडिओ गेमच्या शौकिनांना आता हेच टीव्ही लागतात. नव्या पडद्यावर बटण दाबल्यावर क्षणभर उशिरा उडी पडते, ट्यूबवर तशी नाही. आणि ती बदकं मारायची बंदूक होती ना, ती तर फक्त ट्यूबवरच चालते, नव्या पडद्यावर नेम धरला तरी बदक उडून जातं. सोनीने 1989 साली 43 इंची ट्यूबचा टीव्ही काढला होता, 200 किलोंचा. तसा एक कुणी तरी ओसाकातल्या नूडल्सच्या दुकानातून हलवून अमेरिकेला नेला. बाबांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "तिथे हम्माल कोण होता?"

भाच्याने देवासचा एक मित्र आणला. दोघांनी टीव्ही धरला, पडदा बाहेर. खुर्चीतून बाबा ओरडले, "पडदा छातीशी!" त्यांनी फिरवला, उचलला, दारातून नीट नेला आणि जिन्याच्या तोंडाशी थांबले. 2016 साली गल्लीत चोरी झाल्यावर आम्ही तिथे लोखंडी जाळीचं दार बसवलं होतं. जाळी पूर्ण उघडली तरी चौकट टीव्हीपेक्षा दोन बोटं अरुंद. आडवा करून पाहिला, तिरपा करून पाहिला, कुबड आधी घालून पाहिलं. शेवटी टीव्ही पुन्हा आपल्या जागी, आपल्या चौकोनी धुळीवर.

मग भाचाच राहिला. पुण्याहून मित्राकरवी तो जुना खेळ मागवला, बंदुकीसकट, आणि आठ दिवस मामाच्या गावाला राहून पोहे-जिलेबी खात बदकं मारली. तिसऱ्या दिवशी बंदूक बाबांच्या हातात गेली ती परत आली नाही. त्यांचा नेम वाईट आहे. पण पडद्यापासून वीतभर अंतरावर बसलं की चुकत नाही, हे त्यांनी शोधून काढलंय.

त्याच आठवड्यात धारहून फोन आला. बाबांनी बंदूक न सोडता डाव्या हाताने उचलला. काकांचा आवाज नेहमीसारखा, दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल असा.

"अरे, पापडाच्या पडद्यावर उभी रेघ आली. दुकानदार म्हणतो दुरुस्तीपेक्षा नवा घ्या. तुझ्याकडचा जुना चालू आहे ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. जाळीच्या दाराकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं, तिथे गवतातून दोन बदकं वर येत होती.

"नाही रे," बाबा म्हणाले, "बंद पडला."

"अस्सं. आणि हा बदकांचा आवाज कसला येतोय?"

"मिठ्या तलावावर आलोय," बाबा म्हणाले आणि नेम धरला.